लाल जाकिटवालीचा ओला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटात घालतात ती नव्हे. जिम्नॅस्टिक्सच्या गालिच्यावर संगीताच्या तालात मुली जिला फिरवतात, उंच फेकतात आणि अलगद झेलतात, ती प्लॅस्टिकची पोकळ रिंग. तुम्ही मला संशयी म्हणालात तरी मी रागावणार नाही. कारखान्यात एक लांब नळी गरम करून वाकवली, दोन टोकं जोडली आणि मी जन्माला आले. त्या जोडावर जो तो बोट फिरवायचा आणि पुटपुटायचा, "सुटणार तर नाही ना?" जन्मल्या दिवसापासून असं ऐकल्यावर स्वभाव दुसरा कसा होणार?

भिंगरी नऊ वर्षांची असताना तिच्या आईने मला आणलं. भिंगरी हे तिच्या प्रशिक्षक बाईंनी ठेवलेलं नाव, कारण ती उभी राहिली तरी फिरतेय असंच वाटायचं. सहा वर्षं आम्ही रोज सोबत होतो. छोट्यामोठ्या स्पर्धांत आमचं कौतुक झालं. मग बाईंनी राखीव म्हणून एक कोरी, चकचकीत रिंग घेतली. पिशवीत ती माझ्या शेजारी असायची. तिचा माझ्या जागेवर डोळा आहे, याची मला पक्की खात्री होती. ती बिचारी एक शब्द बोलत नसे, म्हणून तर मला जास्तच संशय यायचा.

आणि मग ती मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. कितीतरी देशांच्या मुली येणार होत्या. पहिल्या आठांत नंबर लागला, तर भिंगरीला अंतिम फेरी खेळायला मिळणार होती. त्यासाठी तिने वर्षभर ना सुट्टी घेतली, ना ती कुणाच्या वाढदिवसाला गेली. आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत आईने माझ्याभोवती चंदेरी पट्टी गुंडाळली. पट्टीच्या कडा चिकटेनात, म्हणून तिने मला खोली गरम ठेवणाऱ्या नळीला टेकवलं आणि कामाच्या गडबडीत ती मला विसरून गेली. मला छान ऊब लागत होती. आपलाच आकार आपल्याला थोडाच दिसतो? सकाळी घाईघाईत तिने मला पिशवीत कोंबलं.

स्पर्धेच्या हॉलमध्ये भिंगरी पिशवी ठेवून केस बांधायला गेली. मी पिशवीतून घरंगळले आणि डुगडुगत, वाकडीतिकडी जात एका परदेशी मुलीच्या पायाशी पडले. तिने लाल जाकीट घातलं होतं. तिने मला उचललं, एक डोळा मिटून न्याहाळलं आणि इकडेतिकडे पाहिलं. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. चोर असाच बघतो. मग तिने थर्मासमधलं गरम पाणी टॉवेलवर ओतलं, तो माझ्याभोवती गुंडाळला आणि गुडघ्यावर ठेवून मला दाबू लागली. मला वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात भिंगरी आली आणि किंचाळली, "बाई! बाई, ती माझी रिंग मोडतेय!"

बाई धावत आल्या, मागोमाग आईही आली. ती मुलगी तिच्या भाषेत भराभर काहीतरी सांगू लागली आणि बोटाने हवेत गोल काढून दाखवू लागली.

"बघा, बघा! वर तोंड करून दाखवतेय, कशी वाकवली ते!" बाई कडाडल्या.

आईचा चेहरा मात्र उतरला होता. मला वाटलं, बिचारीला धक्का बसला.

बाईंनी मोडक्यातोडक्या शब्दांत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी साहित्य तपासनिसांकडे तक्रार केली. लाल जाकिटवालीला सगळ्यांसमोर टेबलापाशी उभं केलं. तिची पिशवी उलटी केली, तर त्यात एक सफरचंद आणि मोजे. तिचे डोळे भरून आले होते. तपासनिसांनी मला वजनकाट्यावर ठेवलं, मोजपट्टीने चारही बाजूंनी मोजलं आणि अंगठा वर करून परत दिलं. मी अगदी गोल होते.

"हेच तर!" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "वरून काही कळू नये असंच काहीतरी केलंय. भिंगरी, आज हिला हात लावायचा नाही. नवी घे."

खरं सांगते मित्रांनो, मलाही ते पटलं.

भिंगरी नव्या रिंगसोबत गालिच्यावर उतरली. तिसरी रिंग नव्हती, म्हणून नाइलाजाने मला राखीव म्हणून कडेला ठेवलं होतं. नव्या रिंगचं वजन तिच्या हातात बसलेलं नव्हतं. दुसऱ्याच फेकीला ती निसटली आणि गडगडत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली गेली. संगीत चालूच होतं. भिंगरी धावत माझ्याकडे आली आणि थबकली. माझ्या भिंगरीने माझ्याकडे संशयाने पाहिलं. इतकी वर्षं मी सगळ्या जगावर संशय घेतला होता, पण तो असा झोंबतो हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने मला उचललं आणि गालिच्यावर सोडलं. मी सरळ रेषेत धावत दुसऱ्या टोकाला नेमकी तिच्या हातात गेले. पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. भिंगरीचा नंबर नववा आला.

"त्या पोरीमुळे गेलं सगळं," बाई म्हणाल्या.

"तिच्यामुळे नाही हो, माझ्यामुळे," आई रडवेली होऊन म्हणाली. "मीच काल रिंग गरम नळीला टेकवून विसरले. सकाळी वाकलेली दिसली मला. पण भिंगरी ऐनवेळी घाबरेल म्हणून गप्प बसले. त्या मुलीने ती सरळ करून दिली."

"आणि तिची पिशवी उलटी केली तेव्हापण तू गप्पच होतीस?" भिंगरीने विचारलं.

मला हातात घेऊन भिंगरी लाल जाकिटवालीला शोधत गेली. ती बाकावर बसली होती, तिची रिंग शेजारी भिंतीला टेकलेली होती. आम्हाला येताना पाहून ती पटकन उठली आणि तिने आपली रिंग पाठीमागे लपवली. भिंगरी दोनदा "सॉरी" म्हणाली. त्या मुलीने मान हलवली, पण आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत रिंगवरचे दोन्ही हात काही काढले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, आम्हाला गरम नळीला टेकवू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या वस्तूला एखादा अनोळखी हात लागला, तर ओरडण्याआधी तो काय करतोय ते जरा थांबून बघा. मी सहा वर्षं ज्या हातांच्या भरवशावर होते त्यांनी मला वाकवलं, आणि ज्या हातांनी सरळ केलं त्यांना मी चोर समजले. त्या मुलीचे आभार मानायचे राहूनच गेले.