डावं इंजिन

आमच्या बोटीला दोन इंजिनं आहेत, आणि ज्यानं ती बसवली त्याला ती कधी दुरुस्त करायची नव्हती, एवढं मी शपथेवर सांगते.

मधली फळी उचलली की खाली चौकोनी भोक दिसतं, जेवायच्या पाटापेक्षा थोडं मोठं. त्यातून उतरलं की दोन इंजिनांच्या मधे उकिडवं बसायचं. बसल्यावर मान वळवायलाही जागा नाही. त्यात दोन्ही इंजिनं अगदी सारखी, दोघांचाही पाण्याचा पंप डाव्या अंगाला. त्यामुळे उजव्याचा पंप मधल्या जागेत येतो, हाताशी. डाव्याचा मात्र पलीकडे, बोटीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्याला हात लावायचा तर इंजिनाच्या टोकाशी सरकून भिंत आणि इंजिन ह्यांच्या फटीतून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चाचपडत काम करायचं. दिसत काहीच नाही.

मी मूळची चाकूरची. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे बोट मी चित्रातच पाहिलेली. लग्न होऊन हिमायतनगरच्या बाजूला आले तेव्हा इथंही शेतच होतं. मग धरण झालं, शेत फुगवट्याखाली गेलं, आणि आमच्या ह्यांनी बैलजोडी विकून कोकणातून ही जुनी बोट आणली. तेव्हा गाव पोट धरून हसलं. आता तेच गाव बाजाराला, दवाखान्याला आणि पल्याडच्या सोयऱ्यांकडे ह्याच बोटीतून जातं. हे बोट चालवतात, मी पुढं बसून तिकिटं फाडते. ह्यांचं नाव वैजनाथ. तोंडानं मी ते घेत नाही, कागदावर चालतं.

गोष्ट गेल्या पोळ्याची. पोळ्याला दोनच दिवस उरले होते, पाणी काठोकाठ भरलेलं. संध्याकाळच्या फेरीला मधोमध आलो आणि डाव्या बाजूनं वाफ यायला लागली. ह्यांनी ते इंजिन बंद केलं आणि एकट्या उजव्यावर बोट आणली. एका इंजिनावर ती सरळ चालत नाही, खेकड्यासारखी तिरकी जाते. धरणाचे दरवाजे उघडलेले असल्यानं पाण्याला ओढ होती, आणि आम्ही घाटाच्या चांगलंच खाली लागलो. लोकांना ह्यांनी सांगितलं, "डिझेलमधी कचरा आला, दुसरं काही न्हाई." लोकांनी मानलं. मी नाही मानलं. खोटं बोलताना हे कान खाजवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्या मागोमाग बोटीवर गेले आणि सरळ हत्यारांची पेटी उघडली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत रबराची चक्री होती, कोरी करकरीत, वर बोटभर धूळ. ही चक्री पंपात फिरते आणि धरणाचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. तिच्या पाकळ्या झिजल्या की पाणी येत नाही आणि इंजिन तापतं. होळीच्या आसपास भोकरच्या मिस्त्रीनं ती माझ्यासमोर दिली होती.

"ही बसवली कामून न्हाई?" मी विचारलं.

ह्यांनी उजवा हात वर उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. पुढं नेताना कळ येऊन त्यांचं तोंड वाकडं झालं.

"खांदा धरलाय," हे म्हणाले. "उन्हाळ्यापासून. तिथवर हात जातच न्हाई."

सहा महिने हा माणूस सदरा घालताना भिंतीकडे तोंड करत होता आणि मला वाटत होतं, लाजतोय. मला संताप आला. त्या संतापाच्या खाली नुसती भीती होती. सहा महिने आम्ही त्या इंजिनाच्या भरवशावर माणसं नेली होती.

"आज खांदेमळणी," मी म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात. "घरात एकच बैल उरला होता, त्याचाबी खांदा गेला."

ह्यांना हसू आलं, पण लगेच विझलं. भोकरच्या मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला, पोळा झाल्यावर येतो. आणि येऊन तरी काय करणार होता? त्याचं पोट त्या भोकातून उतरलंच नसतं.

"मग उद्या बोट सोडू नका," मी म्हणाले.

"पोळा आपल्याकडं फुटतो, बैलांची मिरवणूक मारुतीच्या पाराहून निघते. पल्याडचे समदे वाट बघून राहिलेत. अर्ध्यांचे भाऊ अल्याड, अर्ध्यांच्या लेकी अल्याड. एका इंजिनावर नेतो. हळू हळू नेतो."

हे कान खाजवत नव्हते. म्हणजे खरंच नेणार होते. भरलेली बोट, दरवाज्याकडे ओढणारं पाणी आणि एक इंजिन.

"सरका," मी म्हणाले. "मी घालते हात."

हे हसले. मग माझ्या हातांकडे बघितलं आणि हसू थांबलं. श्रावणात भरलेला हिरवा चुडा होता, मनगटापासून चार बोटं वर. त्या फटीतून उघडा हात कसाबसा जाईल, काचेच्या बांगड्यांचा कधीच जाणार नाही.

"बांगड्या?"

"काढते."

"येडी का काय तू! उद्या पोळा, अन् आज हात मोकळे करतीस? मी जिता हाय अजून!"

"म्हणूनच काढून राहिले. जिते ऱ्हावं म्हणून."

त्यांना ते पटेना. खरं सांगायचं तर माझंही बोट पहिल्या बांगडीवरच थांबलं होतं. आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नवरा समोर उभा असताना दोन्ही मनगटं रिकामी करायची, हे माझ्या आईनं पाहिलं असतं तर तिनं तिथंच बसकण मारली असती. तेवढ्यात हे बोलून गेले, "अक्काला बोलव. तिचे हात मोकळेच हायत."

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, केवळाबाई. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. घरात हळदीकुंकू असलं की कुणी न सांगता त्या मागच्या खोलीत जाऊन शेंगा फोडत बसतात. माझ्या लेकीच्या लग्नात सगळ्या बायकांनी चुडा भरला, अक्का कासाराला चहा नेऊन देत होत्या.

"वा," मी म्हणाले. "शुभाच्या कामाला त्यांचा हात चालत न्हाई. अन् काळ्या तेलात घालायला मोकळा हात पायजे, तर अक्का आठवल्या!"

ह्यांचे कान लाल झाले. मनानं वाईट माणूस नाही, बोलल्यावर विचार करणारा आहे. त्यांनी तेलाचा डबा ओढला, माझ्या मनगटावर तेल सोडलं आणि खाली मान घालून डाव्या हातानं एकेक बांगडी काढायला लागले. प्रत्येक बांगडीला ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की मला शिव्या देत होते, मी विचारलं नाही.

शेवटची बांगडी निघाली आणि घाटावरून किंकाळी आली. अक्का भाकरी घेऊन आल्या होत्या. माझी रिकामी मनगटं बघून त्या फळीवरून धावतच बोटीत चढल्या आणि भावाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. डोळे बघितले, छाती चाचपली.

"अगं, काय बी झालं न्हाई मला!" हे ओरडले.

"मग हिचे हात कामून मोकळे?" अक्का मटकन खाली बसल्या. मी सगळं सांगितलं. फक्त त्यांना बोलवायचं ठरत होतं, तेवढं नाही सांगितलं.

"पदर पसरा, अक्का," मी म्हणाले. "ह्या बांगड्या सांभाळा."

"मी न्हाई शिवायची. अपशकून होईल, सिंधे."

"मी खाली चालले. ठेवू कुठं, पाण्यात?"

त्यांनी पदर पसरला. विस्तव झेलावा तसा लांब धरला.

मी भोकात उतरले. वरून हे सांगायला लागले, "आधी खालचा पाण्याचा वॉल बंद कर, न्हाई तर धरण आत येईल." तो केला. "आता उजव्यावर शिक. झाकणाचे स्क्रू मोज. चक्री कशी बसलीय, बोटांनी बघ. मग डोळे मिट आन् परत बघ." उजव्याचं झाकण मी काढलं, लावलं, पुन्हा डोळे मिटून काढलं, लावलं. मग डाव्या इंजिनाच्या टोकाशी सरकून, भिंतीला गाल टेकवून त्याच्यामागं हात घातला.

कोपरापर्यंत सोपं गेलं. पुढं गंजलेली पट्टी हाताला लागली आणि कातडी सोलली. खांदा आत दाबला, श्वास सोडला, तेव्हा बोटं झाकणाला पोचली. चार स्क्रू निघाले. जुनी चक्री ओढली तर हातात नुसता गाभा आणि दोन पाकळ्या आल्या.

"बाकीच्या पाकळ्या शोध," हे म्हणाले. "नळीत अडकल्या आसतील. एक बी राहिली तर पाणी येनार न्हाई."

एकेक तुकडा चिमटीत धरून काढला आणि वर देत गेले. अक्का ते फळीवर जुळवत होत्या, फुटलेली बशी जुळवावी तशा. "अजून एक कमी हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं तोही सापडला. नवीन चक्रीला साबण लावला, पाकळ्या उजव्याच्या होत्या तशाच एका अंगाला वळवून आत सरकवली. शेवटचा स्क्रू बोटातून सुटला तेव्हा मी रडले, हे कबूल. कमरेत वाकून खालच्या तेलकट पाण्यात तो शोधला आणि लावला. वॉल उघडला. वर आले तेव्हा उजवा हात खांद्यापर्यंत काळा, कोपराला रक्त.

ह्यांनी दोन्ही इंजिनं चालू केली. बोटीच्या मागं दोन नळकांडी आहेत. पंप चालत असेल तर त्यातून पाणी बाहेर पडतं. उजव्यातून लगेच आलं. डाव्यातून नुसता धूर. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. मग ते नळकांडं खोकलं आणि पाण्याची जाड धार पडली.

"आलं! डाव्यातूनबी आलं!" अक्का लहान पोरीसारख्या ओरडल्या. पदर मात्र मुठीत घट्ट.

मी साबणानं हात धुतले. ह्यांनी अक्कांच्या पदराकडे हात केला, "आण, मी भरतो."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "तुम्हाला काढणंच येतं." आणि अक्कांपुढं बसून दोन्ही हात केले. "भरा."

"मी?" अक्कांनी घाटाकडे बघितलं, कुणी आहे का. "येडी झालीस? माझ्या हातानं?"

"दुसरं कोन हाय हितं?"

अक्कांनी पुन्हा एकदा घाट बघून घेतला. मग माझा डावा हात मांडीवर घेतला, बोटं जुळवली, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला आणि पहिली बांगडी अलगद वर चढवली. हात विसरला नव्हता. दुसरी गेली. तिसरी हाडावर अडकली, आणि कट्कन आवाज झाला.

तुकडे फळीवर पडले. अक्कांचं तोंड पांढरं फटक झालं. "मी म्हनलं न्हवतं? मी म्हनलं न्हवतं, सिंधे?" मी उगाच तुकडे वेचायला लागले.

"अक्का!" सुकाणूपासून हे खेकसले. तोंडात घास होता. "भाकरी आणलीस, ठेचा कुठाय?"

मी आणि अक्कांनी एकमेकींकडे बघितलं.

"बघा," मी म्हणाले. "कसा धडधाकट बोंबलून राहिलाय. भरा पुढची."

अक्का हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोळे न पुसताच त्यांनी पुढची बांगडी उचलली.

पोळ्याच्या दिवशी बोट गच्च भरली. अक्का मागं बसल्या होत्या, दोन्ही धारांवर लक्ष ठेवून. पल्याडच्या धोंडाबाईनं तिकीट घेताना माझं मनगट धरलं. "चुडा छान बसलाय गं. कोनत्या कासारानं भरला?"

"आमच्या अक्कांनी," मी सांगितलं. दोन्ही इंजिनं चालू होती, म्हणून मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.