बँकेच्या गच्चीवरचा भोंगा

मी भोंगा. सध्या वाचनालयातल्या काचेच्या कपाटातून बोलतोय, पण माझी खरी जागा बँकेच्या गच्चीवर. साहेबांविषयी सांगायचं म्हटलं की मला स्फुरण चढतं आणि लगेच धास्तीही वाटते. आठवतंय ते खरंच तसं घडलं, की लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून मी ते माझं म्हणून बसलोय? इतकी वर्षं पुस्तकांच्या शेजारी काढली. शहाणपण किती आलं ठाऊक नाही, होती ती खात्रीही गेली.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यातला. पोटात पंखा, बाजूला दांडा. दांडा गरगर फिरवला की मी असा ओरडायचो की कबुतरं थेट गावाबाहेर जाऊन पडायची!

गावातली लाकडाची वखार जळाली, तेव्हा शेजारच्या गल्लीलाही पत्ता लागला नव्हता. साहेब बँकेचे मॅनेजर आणि गावाचे नगराध्यक्षही. त्यांनी मला आणायचा ठराव मांडला. एक सभासद उसळले, "गावात नळ नाहीत आणि तुम्ही बोंबलायला यंत्र आणताय?"

"नळही येतील," साहेब म्हणाले, "तोवर बोंबलून तर बघू."

पुढे नळ आले, रस्त्यावर दिवे आले, हे वाचनालयही आलं. पण पहिला आलो तो मी!

आता आग काही रोज लागत नाही. मी गंजू नये म्हणून साहेब दुपारी बाराला स्वतः जिना चढून मला वाजवायचे. हळूहळू अख्खं गाव माझ्यावर चालू लागलं. मी वाजलो की शिंपी मशीन थांबवायचा, कारखान्यात डबे उघडायचे, न्हावी अर्ध्या दाढीवरच्या गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून जेवायला पळायचा.

साहेबांची थोरली बहीण खालच्या आळीत, नदीकाठी एकटी राहायची. सारं गाव तिला ताईच म्हणे. तिच्या भिंतीवरचं घड्याळ सारखं बंद पडायचं. "तुझा भोंगा आहे तोवर मला घड्याळजी नको," असं ती भावाला म्हणायची. साहेब खूश, मी त्याहून खूश.

साहेबांची दुसरी ख्याती म्हणजे बँकेचं शटर. दहाला वर, पाचला खाली, आणि त्याचा खडखडाट पार नदीपर्यंत. स्वतःच्या लग्नादिवशीही त्यांनी ते पाचलाच पाडलं आणि मग लग्नाला गेले. सासऱ्यांनी जन्मभर ते ऐकवलं.

आणि मग तो दिवस! लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. अकरा वाजून गेले असावेत. बँकेतला फोन खणखणला. वरच्या तलावाचा राखणदार ओरडत होता, "साहेब, बांध फुटला! पाणी तुमच्याकडेच निघालंय!"

साहेब दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले. दांडा धरला आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ज्यासाठी जन्मलो, तो क्षण हाच!

आणि झालं काय? शिंप्याने मशीन थांबवलं. कारखान्यात डबे उघडले. खालून किराणावाला म्हणाला, "आज बारा लवकर वाजले की हो!"

"साहेबांना भूक लागली असेल," शेजारचा हसला.

साहेबांनी पुन्हा दांडा फिरवला, कठड्यावर वाकून ओरडले, "अहो, पाणी येतंय! खालची आळी सोडा!"

न्हाव्याने खालून हात हलवला. "हो हो, तुम्ही पण जेवून घ्या!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई," एवढंच ते पुटपुटले आणि धडाधड जिना उतरले. खालून आवाज आला, "सगळे बाहेर व्हा!"

"साहेब, गिऱ्हाईकं उभी आहेत," कॅशियर म्हणाला.

"त्यांना उभं राहायला जमीन उरायला हवी ना? बाहेर!"

आणि शटर कोसळलं. खडखडखड... धाडकन!

गावात एकदम कल्लोळ. "बँक बंद केली?" "साहेबांनी? भरदिवसा?" "अरे, काहीतरी भयंकर घडलंय! चला!" माणसं घरांतून उसळली आणि काय झालंय ते विचारायला चढाने बँकेकडेच धावत सुटली! जो येईल त्याला साहेब ओढून वरच्या पायरीवर चढवत होते, पण डोळे आळीच्या तोंडाशी. ताई दिसेना.

एकदाची ती दिसली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. धापा टाकत आली आणि भावाच्या दंडाला धरून हलवू लागली. "मेल्या, शटर का पाडलंस? मला वाटलं, तुलाच काही झालं!"

साहेबांनी तिच्या पाठीमागे बोट दाखवलं. खालच्या आळीत पाणी शिरलं होतं, आणि मला वरून फक्त कौलं दिसत होती. माणूस मात्र एकही गेला नाही!

भरदिवसा बँक का बंद केली, असं मुख्य कचेरीने विचारलं. साहेबांनी कळवलं, "बहुतेक खातेदारांना पोहता येत नाही."

साहेब गेले तेव्हा शोकसभेत वक्ते म्हणाले, "भोंगा वाजला आणि गाव उठलं!" माझ्या पाटीवरही कोरलंय : 'या भोंग्याने गाव वाचवलं.' वाचून छाती फुगते, खोटं कशाला बोलू? कधीकधी वाटायचं, खरंच मीच वाचवलं असेल. जेवणाचे डबे, न्हाव्याचा हात, हे सगळं माझ्याच गंजक्या डोक्यातलं असेल. एवढं पाणी येत असताना भोंगा ऐकून कोणी जेवायला बसतं का?

परवा साहेबांची मुलगी, आता तीही आजी झालेली, एक गाठोडं घेऊन वाचनालयात आली. "आत्याचं घड्याळ," ती म्हणाली. "गाळातून मिळालं तसंच तिने पेटीत ठेवलं होतं. दुरुस्त करू द्यायची नाही. म्हणायची, भावाचा भोंगा ऐकून मी हे लावायला घेतलं, किल्ली देत होते तेवढ्यात शटर पडलं."

ते आता माझ्या शेजारी आहे. ती पाटी तेवढी बदला बाबांनो. साहेबांचं श्रेय मला पचत नाही. घड्याळाच्या काचेआड अजून गाळ आहे, दोन्ही काटे बारावर आहेत, आणि किल्ली भोकातच गंजली आहे.