स्पीकरचा दिवा

जज्जसाहेबांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जावयाचा डोळा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणालाच ठाऊक नाही असा समज फक्त जावयाचा होता. लग्न ठरवायला तो पहिल्यांदा त्या घरी गेला तेव्हा मुलीकडे बघायचं सोडून कोपऱ्यातल्या त्या चंदेरी पेटीकडेच बघत बसला होता. बायको अजून विचारते, "तू नक्की मागणी घातली होतीस कुणाला?"

पेटी होतीच तशी. एका माणसाला उचलताना कंबर आठवावी इतकी जड. पुढे काचेमागे दोन मीटर, निळसर उजेडात गाण्याबरोबर डोलणारे दोन काटे, आणि खाली बटणांची रांग, प्रत्येक बटणावर एक इवलासा लाल दिवा. सासरे निवृत्त न्यायाधीश. निवृत्ती फक्त कोर्टापुरती, घरातलं कामकाज बिनसुट्टीचं चालू होतं. पेटीला हात लावायची परवानगी त्यांनी कधीच कुणाला दिली नव्हती, आणि जावयाचा अर्ज तर दाखलच करून घेतला नव्हता. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि जुने रेडिओ उघडून बसायची खाज होती. सासरे त्याला 'चष्मेवाले' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं हे सांगायला नको.

म्हणूनच एका रविवारी सासऱ्यांनी स्वतःहून बोलावलं तेव्हा जावई चक्रावला.

"चष्मेवाले, मीटरचे दिवे गेलेत. काटे दिसत नाहीत," सासरे म्हणाले. "जमलं तर नवे बसवा. नाही जमलं तर..." त्यांनी उगाच घसा साफ केला. "तर ठेवून घ्या ही तुमच्याकडेच."

"आणि आवाज, बाबा?"

"आवाजात आता दम राहिला नाही."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले. जावयाने पेटी उचलली ती अशी, की बाबांचं मन बदलायच्या आत गाडी गल्लीबाहेर.

घरी झाकण काढलं, हेडफोन लावला आणि रेकॉर्ड चढवली. दम राहिला नाही म्हणे! व्हायोलिनवाला कानात उभा राहून वाजवत होता. पेटी ठणठणीत होती. मेलेले होते ते फक्त दिवे. मीटरमागचे दोन, आणि खाली स्पीकरच्या बटणावरचा लाल. ते बटणही गमतीचं होतं. एकदा दाबलं की स्पीकर चालू, पुन्हा दाबलं की बंद, पण दोन्ही वेळा ते दिसायला अगदी सारखं. स्पीकर चालू की बंद, हे कळायचं फक्त त्या दिव्यावरून.

जावयाने आरशासमोर उभं राहून वाक्य घोटलं. "सॉरी बाबा, खूप प्रयत्न केला, नाही जमलं." चेहरा पुरेसा पडेना, म्हणून पुन्हा घोटलं.

"खूश होऊ नकोस," बायको दारातून म्हणाली. "बाबा ही पेटी देतायत म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय. हल्ली नवीन रेकॉर्डही काढत नाहीत. तीच ती लावतात आणि काट्यांकडे बघत बसतात. मला काळजी वाटते रे त्यांची."

झालं. बायकोच्या आवाजात पाणी आल्यावर लबाडी करणं जावयाला कधी जमलं नव्हतं. शिवाय खोटं बोलायचं म्हटलं, तरी 'मला जमलं नाही' हे खोटं त्याच्या घशाखाली उतरेना. दुसरं कुठलंही चाललं असतं.

आधी त्याने एलईडी लावून पाहिले. मीटर असे पांढरेफटक पेटले की काचेमागे कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय असं वाटावं. ते काढले. मग शोधाशोध करून जुन्या धाटणीचे, आत तार असलेले चिमुकले बल्ब मिळवले. मूळ दिव्यांवर निळ्या रबराच्या टोप्या होत्या. मळ समजून त्यातली एक त्याने खरवडायला घेतली, आणि तो निळा उजेड टोपीचाच होता हे लक्षात आल्यावर स्वतःला शिवी हासडली. टोप्या साबणाने धुऊन नव्या दिव्यांवर चढवल्या, सोल्डर मारलं, बटण दाबलं. निळे लागले, लाल लागला, काटे डोलले. जावई पेटीसमोर मांडी घालून बसला आणि तिला मनातल्या मनात निरोप दिला.

पुढच्या रविवारी पेटी सासरी पोचली. जावई टेबलामागे डोकं खुपसून स्पीकरच्या वायरी जोडत होता आणि पुढून सासूबाई पेटीवर फडकं मारत होत्या. फडकं मारायची गरज नव्हती, पण सासूबाई डॉक्टर आले तरी आधी त्यांच्या बॅगेवर फडकं मारणाऱ्या.

सासऱ्यांनी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आवाजाचा नॉब भरपूर फिरवला आणि खुर्चीत बसले. निळ्या उजेडात काटे नाचायला लागले.

खोलीत मात्र एक सूरही वाजत नव्हता.

सासरे काट्यांवर नजर लावून होते. बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. "वा!" ते म्हणाले. "आता कशी जान आली! चष्मेवाले, मानलं तुम्हाला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालेली शाबासकी, आणि ती अशी! जावयाने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. बाबांचे कान गेले होते. ते डोळ्यांनी ऐकत होते. दिवे गेले आणि तेवढंही संपलं, म्हणून तर पेटी देऊन टाकायला निघाले होते. जावयाला गलबलून आलं. या माणसाच्या पेटीवर आपण डोळा ठेवला याची त्याला लाज वाटली. आता जन्मात तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवलं.

"पण तो खालचा लाल दिवा लागला नाही," सासरे म्हणाले. "काम अर्धवट केलंत."

जन्म तिथेच संपला. कुणी काहीही म्हणावं, पण काम अर्धवट?

"माझ्या घरी लागत होता!" जावई उसळला आणि सासूबाईंचा हात पोचायच्या आत त्याने बटण दाबलं.

लाल दिवा लागला. आणि मोकळ्या सोडलेल्या नॉबवर सगळी व्हायोलिनं एकदम अंगावर आली. खिडकीच्या काचा थरथरल्या. सासरे खुर्चीतून हातभर उडाले.

"बंद करा! कान फाटले माझे!"

जावयाने धडपडत नॉब खाली आणला.

"तुम्हाला... ऐकू आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"न यायला काय झालं? बहिरा आहे का मी?" ते खेकसले. मग हळूच खाली बसले. "बहिरा नाही मी," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी कुणालाच उद्देशून नाही.

सासूबाईंनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "मीच बंद करत होते," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात एकदा माझं डोकं ठणकत होतं, म्हणून दाबलं. म्हटलं तुम्ही ओरडाल. तर तुम्ही आपले मान डोलावताय! मला वाटलं कान गेले बिचाऱ्यांचे, आणि यांना पत्ताही नाही. कसं सांगू? आणि खरं सांगायचं तर, शांतता बरी वाटत होती हो. आत्ताही फडक्याखालून मीच दाबलं."

"अगं, त्या बटणाचा लाल दिवा आधीच गेला होता!" सासरे म्हणाले. "काटे हलतायत, म्हणजे पेटी चालू. आवाज नाही, म्हणजे दोष कुणाचा? माझा! तसेही तुम्ही सगळे माझ्याशी ओरडूनच बोलता."

म्हणजे जन्मभर दोन्ही बाजू ऐकून घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या कानांविरुद्ध एकतर्फी निकाल देऊन टाकला होता. आणि अपीलही केलं नव्हतं.

"मला सांगायचं नाही?" सासूबाईंचा आवाज कापरा झाला.

"घाबरलो होतो गं," सासरे म्हणाले. "फार घाबरलो होतो. म्हटलं, आधी गाणं गेलं, मग तुझा आवाज जाईल."

सासूबाईंनी फडकं डोळ्यांना लावलं. घडी पुन्हा मोडली. जावई दिव्यांकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

रेकॉर्ड चालूच होती. सासऱ्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ मिटूनच ठेवले. काटे आपले एकटेच नाचत राहिले. मग कपाळावर आठी आली.

"बेस जास्त झालाय," ते म्हणाले. "आणि डाव्या बाजूला काहीतरी खरखरतंय. काय करून ठेवलंत, चष्मेवाले?"

शाबासकी परत गेली होती, पेटीही गेली होती. तरी जावई हसत होता. त्याचं हसू आवरेना.

निघताना सासरे दारापर्यंत आले. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

"ती पेटी माझ्यामागे तुमचीच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आता बरंच थांबावं लागेल तुम्हाला."

"थांबतो की, बाबा," जावई त्याहून हळू, अगदी पुटपुटत म्हणाला. "मला काही घाई नाही."

"आलं ऐकू," सासरे म्हणाले आणि दार लावून घेतलं.