हिरवळीवरचा नववा माणूस

ॲडलेडपासून लांब असलेल्या कॅपरिंगा गावच्या बोल्स क्लबात शनिवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी तिथं येऊन येऊन येणार कोण, तर हिरवळीवर जड गोळे घरंगळवणारे साठी-सत्तरीचे पंचवीसजण आणि त्यांची वाट बघून कंटाळलेली दोन कुत्री. त्या दिवशी मात्र सगळं गाव लोटलं होतं. शेजारच्या गावांतूनही गाड्या आल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर, बारच्या डोक्यावरच्या मोठ्या पडद्याकडे. एरवी त्यावर फुटबॉल चालायचा. आज भूत होतं.

म्हणजे फोटोच होता, क्लबाच्या हिरवळीचा. बोटानं सरकवला की आपण मधोमध उभे राहून चहूकडे बघतोय असं वाटायला लावणारा. उजवीकडे सरकवलं की क्लबाची इमारत, मग गव्हाची कोठारं, मग खेळणारी मंडळी. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, एकूण आठजण. आणि या आठांखेरीज अगदी जवळ एक नववा. टोपीच्या काठानं तोंड झाकलेलं, टोपीवर बिल्ला, आणि कमरेखाली काही नाही! पाय नाहीत, सावली नाही. नुसतं हिरवंगार गवत.

"बघा! नीट बघा!" पडद्याशेजारी, मेलेल्यांशी बोलतो म्हणवणारे, लिअँडर क्विल नावाचे गृहस्थ उभे होते. अंगात जांभळा कोट, आवाज मधात बुडवून काढलेला. "साधा फोटो चौकोनी असतो. चौकोनाला कोपरे असतात, आत्मा कोपऱ्यातून निसटतो. पण हा फोटो गोल आहे! वर्तुळाला शेवट नाही. सूक्ष्म देहाची कंपनं त्यात फिरत राहतात. याला विज्ञानात क्वांटम म्हणतात."

'विज्ञानात' हा शब्द ऐकून मागच्या रांगेत थेल्मा नॅनकारोबाईंच्या घशात चहा अडकला. गावच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पास केलं होतं, आणि आता त्याचाच त्यांना पश्चात्ताप होत होता.

त्याहून वाईट म्हणजे तो फोटो तीन आठवड्यांपूर्वी बाईंनीच काढलेला होता.

"आणि ज्यांच्या पवित्र हातून हे घडलं, त्या थेल्मा इथंच आहेत," क्विलमहाराज म्हणाले. "आत्म्यानं यांना निवडलं."

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोला, पहिल्या दोन टाळ्या बाईंना जराशा गोडही लागल्या. मग त्यांची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या मर्ल ट्रेगेन्झाकडे गेली आणि तो गोडवा पार उतरला. मर्ल रुमालानं डोळे टिपत होती. टोपीवरचा तो बिल्ला, क्लबात तसा एकच, तिच्या नवऱ्याचा होता. क्लॅरी जाऊन वर्ष झालं होतं.

"क्लॅरी सांगतोय," क्विलनी डोळे मिटले, "मर्ल, सुरीखाली जाऊ नकोस."

मर्लच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. गुरुवारी ॲडलेडला तिची शस्त्रक्रिया ठरली होती.

कार्यक्रम संपल्यावर बाई तिच्या घरी गेल्या. मर्लनं मांस-बटाट्याची पॅस्टी गरम केली, आणि ओव्हनपासून टेबलापर्यंत येताना दोनदा खुर्चीला धरून थांबली.

"हॉस्पिटलला फोन केला मी," ती म्हणाली. "येत नाही म्हणून सांगितलं."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? डॉक्टर काय म्हणाले होते? झडप हिवाळ्यापर्यंत टिकायची नाही!"

"डॉक्टरला काय कळतं? क्लॅरीला मी चव्वेचाळीस वर्षं ओळखते."

"तो क्लॅरी नव्हे, मर्ल. माझी काहीतरी चूक झालीय त्या फोटोत."

"शंभर फोटो काढलेस गं तू, आणि चुकलीस नेमकी त्याच्याच बिल्ल्यावर?" मर्ल शांतपणे म्हणाली. "खा, गार होतेय."

चूक झाली असं म्हणणं सोपं. कुठली, ते दाखवता यायला हवं. पॅस्टी तशीच ठेवून त्या घरी आल्या आणि संगणक उघडून बसल्या.

हा पॅनोरामाचा नाद त्यांना लागून जेमतेम चार महिने झाले होते. तालुक्याच्या संकेतस्थळावर गावची फिरती चित्रं हवीत असं निघालं आणि बाईंनी हात वर केला. पहिला प्रयोग स्वयंपाकघरात झाला. त्यात फ्रीजला दोन दारं आली आणि टेबल मधूनच मोडलं. मग कळलं की कॅमेरा हातात धरून आपण गरगर फिरायचं नसतं. तो ट्रायपॉडवर असा बसवायचा की भिंग आपल्या जागी राहून फक्त वळेल, नाहीतर जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपुढे सरकतात आणि सांधे जुळत नाहीत. उजेडाचं माप एकदाच ठरवून कायम करायचं, नाहीतर आभाळाला ठिगळं पडतात. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा तरी पुन्हा यायला हवा, म्हणजे त्यातल्या सारख्या खुणा ओळखून प्रोग्रॅम तुकडे शिवतो, गोधडीसारखे. एक फेरी समोर बघत, एक खाली झुकून, एक वर. हे सगळं बाईंनी अगदी वहीत लिहून पाठ केलं होतं.

त्यांनी शिवलेलं चित्र बाजूला ठेवलं आणि मूळ तुकडे एकेक करून उघडले. प्रत्येकावर वेळ नोंदलेली होती. दुसऱ्या तुकड्यात लांबवर एकजण पाठमोरा वाकून गोळा सोडत होता. सहाव्या तुकड्यात तो बिल्लेवाला, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात. मधे गेलेला वेळ एक मिनिट. तिसऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यात ती गोळा सोडायची जागा पुन्हा दिसत होती. तिथं आता कुणीच नव्हतं.

बाईंनी कपाळावर हात मारला. एक डाव संपला की बोल्सवाले सगळे हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला चालत जातात आणि तिथून उलटा डाव मांडतात. नेमक्या त्याच वेळी बाई कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत होत्या. तोही डावीकडून उजवीकडे चालत होता. कॅमेऱ्यानं त्याला दोनदा गाठलं. आठच माणसं होती, एक दोनदा मोजलं गेलं. पहिल्यांदा तो लांब होता म्हणून अख्खा मावला. दुसऱ्यांदा जवळ होता म्हणून समोरच्या फेरीत कमरेपर्यंतच आला. पाय आणि सावली यायची होती खाली झुकलेल्या फेरीत, आणि ती सुरू होईपर्यंत हा पठ्ठ्या पलीकडच्या टोकाला पोचला होता!

गोळा सोडताना वाकायची ढबही बाईंनी ओळखली. सकाळी त्यांनी क्लबाचे अध्यक्ष डग रोडा यांना बारमागे गाठलं.

"डग, क्लॅरीची टोपी तुझ्या डोक्यावर काय करत होती?"

साठीला पोचलेला डग सातवीतल्या मुलासारखा लाल झाला. "माझी घरी राहिली होती, बाई. टोपीशिवाय हिरवळीवर उतरायचं नाही हा आपला नियम. त्याची खुंटीवरच होती. घातली."

"आणि तीन आठवडे तोंड शिवून बसलास?"

"मेलेल्या माणसाची टोपी न विचारता घातली, हे मर्लला कुठल्या तोंडानं सांगू? आणि काल क्विलमुळे क्लबही भरला..." तो अडखळला. "पण ऑपरेशनचं मला खरंच माहीत नव्हतं, बाई. शप्पथ."

दोघं मर्लकडे गेले. डगनं माफी मागितली, बाईंनी तुकडे दाखवले. मर्लनं सगळं ऐकून घेतलं.

"टोपी घातलीस ते बरंच केलंस रे," ती म्हणाली. "पण क्विल म्हणाले होते, शंकेखोर लोक काहीतरी कारण काढतीलच म्हणून. टोपी डगनं घातली असेल. आत शिरला असेल क्लॅरी."

आता झोपलेल्याला जागं करता येतं. ज्यानं डोळे घट्ट मिटून घेतलेत त्याचं काय करायचं? बाईंना रागही आला आणि रडूही आलं. ती मूर्ख नव्हती. तिला नवरा हवा होता, एवढंच.

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या मी पुन्हा फोटो काढणारेय. तू ये. क्लॅरीची टोपी घाल. मी सांगेन तिथं उभी राहा, मान खाली घालून. सांगितलं की सावलीत जाऊन बस. येशील?"

"माझं काय जातंय? आला तर भेटेल तरी."

पांढरे कपडे आणि रुंद काठाची टोपी चढवली की क्लबात बाई कुठली आणि बुवा कुठला, हे दहा पावलांवरून सांगता येत नाही. सोमवारी फोटो झाला. मंगळवारी दुपारी क्विलमहाराजांचा दुसरा दरबार भरला, तेव्हा बाई लॅपटॉप घेऊन स्वतःच पुढे गेल्या.

"पुन्हा आलाय," त्या एवढंच म्हणाल्या.

पडद्यावर हिरवळ फिरली, आणि मधोमध एक आकृती. टोपी, बिल्ला, कमरेखाली गवत.

क्विलनी हात पसरले. "क्लॅरी! किती तेज वाढलंय! पाहा, छातीशी हात. म्हणतोय, माझं हृदय जसं थांबलं तसं तुझं थांबू देऊ नकोस. सुरीला नाही म्हणालीस, मी तृप्त झालो. मर्ल, हा तुमचाच आहे ना?"

मर्ल उठली.

"तुमची खात्री आहे, हा क्लॅरी आहे?"

"बाई, तीस वर्षं मी आत्म्यांशी बोलतोय. त्याचा आवाज आत्ता माझ्या कानात आहे."

"थेल्मा," मर्ल म्हणाली, "तो हात मोठा कर."

बाईंनी चित्र मोठं केलं. छातीशी धरलेला हात पडदाभर झाला. पाचही नखं गुलाबी रंगवलेली होती.

मर्लनं आपला हात वर केला. तीच नखं, तोच रंग.

"माझ्या क्लॅरीनं जन्मात कधी नखं रंगवली नाहीत," ती म्हणाली. "ती मी आहे. काल अडीच वाजता तिथं उभी होते, आणि धाप लागली म्हणून छातीवर हात ठेवला होता. मी अजून जिवंत आहे, क्विलसाहेब. तुम्ही कुणाशी बोलत होता?"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह. "नकारात्मक कंपनं..." असं काहीसं पुटपुटत क्विलमहाराज दाराकडे सरकले. पितळ उघडं पडल्यावर जांभळ्या कोटाला पळता भुई थोडी झाली.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मूळ तुकडे एकेक करून पडद्यावर लावले, वेळा वाचून दाखवल्या, डगला उभं करून चालायला लावलं.

"भूत मीच बनवलं," त्या म्हणाल्या. "माणसं हलत असताना फोटो काढला, शिवून झाल्यावर सांधे तपासले नाहीत, आणि कौतुकाच्या घाईत संकेतस्थळावर लावून मोकळी झाले. शिकाऊ माणसाची चूक आहे. चुकेची लाज नाही मला. तीन आठवडे कुणी मला विचारलं नाही, 'बाई, हे कसं काढलंत?' आणि मीही आपणहून बघितलं नाही, त्याची लाज आहे. एवढा एक प्रश्न विचारा रे. फोटोला विचारा, बुवाला विचारा, मलासुद्धा विचारा. खऱ्याला प्रश्नाचा त्रास होत नाही. आणि दुखणं डॉक्टरला दाखवा, पडद्याला नको."

मर्लनं तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून थांबायला सांगितलं. तिच्या कानात संगीत वाजत राहिलं आणि दोनशे माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसली. "गुरुवारची जागा गेली," ती म्हणाली. डगनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग पलीकडचा आवाज पुन्हा आला.

"पुढचा सोमवार," मर्लनं फोनवर हात ठेवून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तो नव्हताच ना गं, थेल्मा?"

"नव्हता," बाई म्हणाल्या. "असता तर त्यानं स्वतः गाडी काढून तुला ॲडलेडला नेलं असतं."

मर्लनं फोन पुन्हा कानाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो, लिहून घ्या. येतेय मी."