काचेतला पारा आणि आईचा पारा

मित्रांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुमच्या छातीत काचेची एक नळी बसवलेली आहे. समोरच्या माणसाच्या शरीरात काय चालले आहे, ते त्या नळीत दिसते. पण तुम्हाला तोंड नाही. धोका दिसतो आणि ओरडता येत नाही. कसे वाटेल? मला जन्मभर तसेच वाटत आले आहे. मी एक जुना रक्तदाबमापक आहे.

पत्र्याची पेटी, झाकणात उभी काचनळी, दंडाला गुंडाळायचा राखाडी पट्टा आणि हाताने दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारागीर माझ्यात पारा भरत होता तेव्हा शेजारच्याला म्हणाला, "जपून रे! सांडला तर हात लावू नकोस, विषारी असतो." माझ्या पोटात विष आहे, हे मला असे पहिल्याच दिवशी कळले.

पुढे मी बाळंतिणींच्या दवाखान्यात कामाला लागलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणत, "हा कुणाची भीडभाड ठेवत नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे. मग बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ खात पडलो होतो. एके दिवशी तिथल्या नर्सबाईंनी रीतसर विचारून, माझी तपासणी करून घेऊन, मला आपल्या थोरल्या बहिणीच्या घरी आणले.

त्या घरात एक मुलगी होती. एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. नर्सबाई तिची मावशी.

मला तिथे आणण्याचे कारण चांगले नव्हते. आदल्या वर्षी भिंगरीच्या आईच्या पोटात बाळ होते. मध्येच आईचा रक्तदाब भलताच वाढला. आई कशीबशी वाचली, बाळ वाचले नाही. आता आईबाबांना पुन्हा बाळ हवे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, "घाई नको. आधी शरीर तयार करा. रक्तदाब ताब्यात आला, की मग बाळाचा विचार."

आणि घरात तयारी सुरू झाली. जेवणातले मीठ कमी झाले. आईबाबा रोज फिरायला जाऊ लागले. आईला रक्तदाबाची गोळी होतीच, शिवाय बाळाच्या वाढीला लागणाऱ्या फॉलिक ॲसिडची गोळी पोटात बाळ येण्याच्या आधीपासूनच सुरू झाली.

"ही भाजी आहे की शिक्षा?" बाबा कुरकुरले.

"भावजी, सिगारेट सोडलीत का? आधी ते सांगा," मावशी म्हणाली. "बाळ काय एकट्या ताईचं आहे?"

"सोडली हो, मेहुणीबाई! आता मीठही सोडलं. उद्या श्वासही सोडायला लावाल."

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण आईच्या दंडावर माझा पट्टा होता आणि पारा वरच थांबला होता.

मावशी माझ्या नळीकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "ताई, पारा चढू द्यायचा नाही हं. मागच्या वेळी पारा चढला म्हणून तर बाळ गेलं. पुन्हा चढला, तर तुझ्या जिवावर बेतेल."

दाराआड भिंगरी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मित्रांनो, तिला काय वाटले ते तुमच्या लक्षात आले का? त्या घरात आई रागावली, की बाबा म्हणत, "पळ भिंगरे, आईचा पारा चढला!" भिंगरीला तेवढाच पारा ठाऊक होता. मागच्या वर्षी आई कितीदा तिच्यावर रागावली होती! म्हणजे आपल्या खोड्यांमुळेच बाळ गेले, असे त्या पोरीने मनाशी धरले. आणि आता आपल्यामुळेच आईसुद्धा जाईल.

त्या दिवसापासून भिंगरी फिरायची थांबली. पाय न वाजवता चाले. ताटात पडेल ते निमूट खाई. "किती शहाणी झाली गं माझी बाय!" असे आई म्हणे, आणि भिंगरी आईच्या कपाळावर आठी आहे का ते बघत राही.

अशातच तिला आणखी एक गोष्ट दिसली. आईने रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली, बाबांची पाठ वळताच ती हातावर काढली आणि मोरीत सोडून दिली. भिंगरीला पाहून ती दचकली.

"कुणाला सांगू नकोस हं. शेजारच्या काकू म्हणाल्या, या गोळ्या बाळाला बाधतात. मी बाळासाठीच करतेय."

भिंगरीने मान डोलावली. सांगितले तर आईचा पारा चढणार होता!

मी सगळे पाहत होतो. पारा रोज थोडा वर सरकत होता. रोज मोजायला येणारी मावशी माझ्यावर टिचकी मारून म्हणे, "बिघडला की काय हा?" नाही हो, नाही! मी बिघडलेलो नव्हतो! पण सांगणार कसा?

एका संध्याकाळी आई ओट्याशी उभी असताना डोके धरून खाली बसली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत गं," ती म्हणाली. मावशीने झटकन पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. पारा वर गेला आणि आजवरच्या कुठल्याही रेघेपेक्षा वर थांबला. मला वाटले, आता नळी फुटली तर बरे.

"गोळी घेतेयस ना ताई? खरं सांग."

"घेतेय की."

"नाही घेत!" भिंगरीचा आवाज फाटला. "मोरीत टाकते!"

"गप्प बस!" आई ओरडली.

"रागावू नकोस ना गं! पारा चढेल! बाळ माझ्यामुळेच गेलं, आता तू पण जाशील!" आणि ती हुंदके देत भिंतीला चिकटली.

क्षणभर कुणालाच काही समजले नाही. मग मावशीला उमगले. तिने आईच्या दंडावरचा पट्टा काढत काढत भिंगरीला जवळ घेतले.

"वेडाबाई, हा बघ पारा, काचेतला. रक्त जोर करतं म्हणून तो चढतो. राग आला तर जरासा वर जातो आणि राग गेला की उतरतो. तुझ्या आईचा उतरत नाही, कारण तो आजार आहे. तू केलेला नाहीस. बाळ तुझ्यामुळे गेलं नाही."

मग ती बहिणीकडे वळली. "काही गोळ्या बाळाच्या आधी बदलाव्या लागतात, हे खरं आहे ताई. पण त्या डॉक्टरांनी बदलायच्या. आपण मोरीत सोडायच्या नाहीत. विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली गं," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या असत्या, बाळ नकोच."

बाबांनी तोवर गाडी आणली होती. त्या रात्री सगळे दवाखान्यात होते आणि मी अंधाऱ्या खोलीत एकटा. तशी भीती मला पुन्हा वाटू नये.

आई परत आली. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली होती. बाळाचा विचार पुढे ढकलला होता, सोडला नव्हता. माझा पारा हळूहळू, कुरकुरत, खाली उतरू लागला. बाळ अजून यायचे आहे. फुगा दाबला, की आज कुठल्या रेघेवर थांबेन, याची धास्ती मला अजून वाटते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला आपटू नका, मी फुटलो तर पाऱ्याला हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि भीती वाटली तर तीही पोटात कोंडून ठेवू नका. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

पुढे भिंगरीने काय केले, ते ऐका. आई आरामात बसली आहे असे पाहून ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, शाळेचा नवा फ्रॉक मी कुंपणात अडकवून फाडलाय. गादीखाली लपवलाय."

"काय? नवाकोरा? अगं कार्टे, डोळे कुठे होते तुझे!"

पेटी उघडी होती. आता ती घाबरून माझ्या पाऱ्याकडे बघेल, असे मला वाटले. पण भिंगरीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती फ्रॉक आणायला धावत सुटली.