सोमवारचं मौन

माझा भाऊ जानू बुरोंडीला असतो, मासेमारीच्या बोटीवर. बारा वर्षांपूर्वी वादळात त्याची बोट चार दिवस किनाऱ्याला लागली नव्हती. तेव्हा मी महादेवाला नवस बोलले होते, तो परत आला तर दर सोमवारी दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. पाचव्या दिवशी तो आला. तेव्हापासून माझं मौन कधी चुकलं नाही.

मी लांज्याजवळच्या एका हायस्कुलात शिपाई आहे. शाळेत सगळ्यांना माहीत आहे. सोमवारी मी हातानं बोलते. दहावीतला सागर म्हणतो, "विमलमावशी सायलेंट मोडवर आहेत, व्हायब्रेटवर सुद्धा नाहीत." मीही हसते.

शाळेच्या पहिल्या दिवशी दारात उभं राहायचं काम माझं. गावागावांतल्या शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मुलं इकडे येतात ती बावरलेली असतात. त्यांना वर्ग दाखवायचा, नाव विचारायचं, पाणी कुठे ते सांगायचं. नऊ वर्षं मी हे करते. पहिला दिवस सोमवारी आला होता तो एकदाच, पण तेव्हा कोरोनामुळे शाळाच उघडली नव्हती. या वर्षी पंधरा जून रविवारी आला, म्हणून शाळा सोळाला उघडायची ठरली. सोळा म्हणजे सोमवार, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

आदल्या शनिवारी आवडाबाई नातीचा दाखला घेऊन आल्या होत्या. नात दिशा पदराआड उभी. त्यांच्या वाडीतून यंदा आठवीला जाणारी ती एकटीच.

"पोरगी हुशार हाय, बाय," आवडाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पन बोलत नाय कुनाशी. हिचा बापूस मुंबयला असतो. तो आलाय. म्हनतो, आत्याचं बाळ सांभाळायला न्हेतो हिला. मी भांडले त्याच्याशी. तर म्हनाला, एक दिवस जाऊ दे शाळेत. रमली तर शिकेल, नायतर मंगळवारच्या गाडीनं माझ्याबरोबर."

"रमेल हो," मी म्हणाले. "मी दारातच असते. हात धरून वर्गात नेऊन बसवीन."

दिशानं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही असाल ना नक्की?" तिनं विचारलं.

"मी कुठे जाते?" मी म्हणाले.

सोमवारी सकाळी पूजा करून, तुळशीला पाणी घालून मी दारात उभी राहिले. सव्वादहाच्या एसटीनं एकदम साठ-सत्तर मुलं उतरली. कोणाचे आईबाप विचारतायत, कोणाची छत्री हरवली, हेडमास्तर सर वरून हाका मारतायत. त्या गर्दीतून दिशा सरळ माझ्याकडे आली. नवा गणवेश, दोन वेण्या.

"मावशी, मी आले," ती म्हणाली. "आठवी कुठं हाय?"

मी मान हलवली, हसले. एका हातानं तिचा हात धरला. तेवढ्यात सरांनी पुस्तकांचे गठ्ठे उतरवायला बोलावलं, टेम्पो रस्ता अडवून उभा होता. मी तिचा हात सोडला. पाच आणि तीन अशी आठ बोटं दाखवली आणि विहिरीकडच्या नव्या इमारतीकडे हात केला.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मावशी?" परत म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा हात केला. माझ्या मनात होतं, मला मौन आहे. तिला काय वाटलं असेल ते आता कळतं. ती गेली.

आठवी नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर. वर, हे मी दाखवलं नव्हतं.

पावणेबाराला मी मधल्या सुट्टीच्या पाण्यासाठी विहिरीवर गेले. विहिरीपलीकडे चिऱ्यांचा गडगा, कुंपणाची दगडी भिंत, आणि त्याच्यापलीकडे ज्युनिअर कॉलेज. मी हात केला त्याच दिशेनं पुढे जाऊन दिशा त्याच्या पायऱ्यांवर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. मोठी मुलंमुली तिला ओलांडून वरखाली करत होती. एक मुलगी वाकून तिला म्हणाली, "काय गं, अकरावीला ॲडमिशन का?" बाकीच्या हसल्या.

मी टाळ्या वाजवल्या. दिशानं बघितलं. मला ओळखलं तिनं. मग मान खाली घातली.

एक हाक पुरली असती. दिशा, एवढीच. पण घड्याळात बाराला तेरा मिनिटं होती. मला जानू दिसायला लागला, ते चार दिवस, वहिनीचं किनाऱ्यावर बसणं. म्हटलं तेरा मिनिटांनी काय होतं? बारा वाजले की मोकळ्या तोंडानं जाईन, तिला पोटाशी धरीन. कागदावर लिहून दाखवायचंही मला सुचलं नाही. मी पाण्याची कळशी भरली.

बारा वाजले. महादेवाचं नाव घेतलं, तुळशीचं पान तोंडात टाकलं आणि रस्त्यानं वळसा घालून धावत गेले. पायऱ्या रिकाम्या होत्या.

"रडत होती, मावशी," मघाशी वाकून तिला हसलेली मुलगी म्हणाली. आता हसत नव्हती. "स्टँडकडे गेली."

स्टँडवर कळलं, बाराची गाडी वेळेवर सुटली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वाडीवर गेले. आवडाबाई एकट्याच अंगणात वाल निवडत होत्या. नवा गणवेश दोरीवर वाळत होता.

"सकाळच्या गाडीनं गेली," त्या म्हणाल्या. "बस, बाय. चाय घेशील?"

मी सगळं सांगितलं. मौनाचं, जानूचं. त्यांनी ऐकून घेतलं.

"देवाचं हाय, त्याला मी काय बोलू," त्या म्हणाल्या. "पन पोर म्हनत व्हती, त्या मावशीनं शनिवारी कबूल केलं नि आज मला वळखलंच नाय. गप बस म्हनाली बोटानं." मग म्हणाल्या, "मग बापसाशी वाद घालायला मला जागाच ऱ्हायली नाय."

त्यांच्याकडून नंबर घेऊन मी दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन लावला. आत्यानं उचलला, मागे बाळ रडत होतं. मग दिशा फोनवर आली.

"मी विमलमावशी, शाळेतली."

बाळाचं रडणं फोनच्या जवळ आलं, तिनं त्याला कडेवर घेतलं असावं.

"बाळा, चूक माझी झाली. तू परत ये. मी बाबांशी बोलते."

"बाळाला दूध द्यायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या वेळी तो लागला नाही. सरांनी दोन पत्रं पाठवली. हजेरीत तिच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण पडते.

जानूला मी फोन करून हे सगळं सांगितलं होतं. तो हसला. "अगे ताई, जूनमध्ये मासेमारी बंद असते. बोटी शाकारून वर ओढल्यात. सोमवारी मी पडवीत जाळं सांधत होतो. तू माझ्यासाठी भिऊन होतीस?"

मी कोळ्यांच्या घरातली. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पुढच्या सोमवारी मी मौन धरलं नाही. दारात उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारली. पण आता सगळ्यांना वाटा ठाऊक झाल्या होत्या. कोणी काही विचारायला थांबलं नाही. सागर तेवढा म्हणाला, "मावशी, आज आवाज सुरू?"

घरी आले, दिवा लावला, देवापुढे बसले. बोलायला तोंड मोकळं होतं, आणि काय बोलावं ते सुचलं नाही.