झुंबरबाईचा दहावा

"आरं, मिश्री ठेवा की पिंडाजवळ! लय जीव होता झुंबरबाईचा मिश्रीवर," म्हातारा येडबा भाबडेपणानं बोलून गेला आणि गोदावरीच्या काठावर जमलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. जिला मिश्रीनं खाल्लं, तिच्याच दहाव्याला मिश्री!

पण येडबाचं तरी काय चुकलं? ऊन चढलं तरी पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि अशा वेळी मेलेल्या माणसाची आवडती वस्तू ठेवायची रीतच आहे. भुजंग सरपंचाचं भाषणही आटोपलं होतं. तोंडाचा कॅन्सर झालेला असताना झुंबरबाईनं पालमच्या बाजारात बसून बायांना शहाणं केलं, गावानं तिचा सत्कार करायला हवा होता, वगैरे. जिवंतपणी याच गावानं तिला बघून नाकाला रुमाल लावला होता.

तिची धाकटी जाऊ बानूबाई खाली मान घालून ऐकत होती. दोघींनी एकाच तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केलेली, उसाच्या फडात एकाच डबीत बोट बुडवून दात घासलेले. पुढं झुंबरबाई बाजारात बसून तोंडावरचा पदर काढायची. "बघा मायांनो. आधी निस्ता पांढरा चट्टा हुता. म्या लपीवला." बाया शहारायच्या, दोघीतिघी दवाखाना गाठायच्या. घरी आली की बानूबाईला विनवायची, "बानू, तुजं तोंड दाखीव की गं."

"मला काय धाड भरली? तुमी तुमचं बघा!"

शेवटी झुंबरबाईची वाचा गेली. मग ती नुसतं स्वतःच्या गालाला बोट लावून जावेकडं बघत राहायची. बानूबाईला त्या बोटाची भीती वाटायची, कारण तिच्याही गालात आतून काहीतरी खरखरीत लागत होतं.

आता मिश्रीसाठी सगळे बानूबाईकडंच बघत होते. कमरेची डबी तिनं काढली, पण पिंडाजवळ ठेवली नाही. पाण्यात भिरकावली. मग झुंबरबाईच्या लेकीला जवळ बोलावलं.

"अपेक्षा, तुज्या मायला दाखीवलं न्हाई गं म्या. तू तरी बघ."

थोरल्या दिरासमोर कधी पदर न ढळू दिलेल्या बानूबाईनं भर माणसांत डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तोंड उघडलं. अपेक्षा आत बघत राहिली. मग तिनं काकीचा हात घट्ट धरला.

"शिवला, शिवला!" मागं कुणीतरी ओरडलं. दोघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही.